हाल्तीवरचा जबाब

"साहेब, डावीकडनं या! तिकडचे दगड हलतात."

रंजना वरून ओरडली. मी डावीकडे सरकलो, तर डावीकडचेही हलत होते. त्या अख्ख्या उतारावर मातीचा कण म्हणून नव्हता. नुसते दगड, एकावर एक पडलेले, कुणी पेटीएवढा, कुणी पलंगाएवढा, आणि प्रत्येकावर पाय टाकण्याआधी त्याची मर्जी विचारावी लागत होती. मी पस्तीस वर्षं डोंगरदऱ्यांतून मोजणी केलेला माणूस, पण असला बेइमान डोंगर पाहिला नव्हता. जुलै महिना होता, दुपार होत आली होती, तरी बाजूच्या घळीत बर्फ साचलेलं होतं.

"दमलात का?"

"छे! तू हो पुढे."

खरंच दमलो नव्हतो. माझा जीव खालीवर होत होता तो वेगळ्याच कारणानं. सकाळपासून एक वाक्य तोंडात धरून मी चाललो होतो आणि ते काही केल्या बाहेर पडत नव्हतं. रंजनाच्या वडिलांची नोकरी माझ्यामुळे गेली होती. चूक माझी होती, आणि ती त्यांच्या गळ्यात घालणारं खोटंही माझंच. हे जगात फक्त तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातले तिचे वडील त्याच्या सात वर्षं आधीच वारले होते. उरलो मी आणि माझी बायको मालती.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकसष्टचा होतो, तीन वर्षांपूर्वी भूकरमापक म्हणून निवृत्त झालेला. आमचा मुलगा फिनलंडमध्ये औलूला नोकरीला, त्याच्याकडे आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी गेलो होतो. ही बातमी रंजनाला कुठून लागली कोण जाणे, पण तिचा फोन आला. ती नॉर्वेत ट्रोम्सोला असते, समुद्रातल्या शेवाळांवर संशोधन करते. म्हणाली, "साहेब, एवढ्या लांब आलात आणि मला न भेटता जाल? या. तुम्हाला फिनलंडच्या सगळ्यात उंच ठिकाणावर, हाल्तीवर नेते. माझ्या बाजूनं गेलं तर एका दिवसाचं चालणं आहे."

बसस्टॉपवर सोडायला मालती आली होती. माझ्या बॅगेची चेन नीट लावत ती म्हणाली, "या वेळी सांगून या. ती पोर इतक्या मायेनं बोलावते. तिच्या हातचं खाऊन तुम्ही पुन्हा गप्प बसलात, तर मला तुमच्या शेजारी बसून चहासुद्धा पिववणार नाही."

मालती चिडली की आवाज चढवत नाही. म्हणून तर मी तिला घाबरतो.

तर मी ठरवलं होतं, टोकाला पोहोचायच्या आत सांगायचं. पहिल्यांदा प्रयत्न केला गाडीत. सीमेवरच्या गावातून तिनं मला घेतलं, खाडीच्या काठाकाठानं आम्ही निघालो, आणि मी घसा साफ केला. तिला वाटलं मला गाडी लागतेय. तिनं आवळा सुपारी काढून दिली. ती चघळत मी गाडीरस्ता संपतो त्या तळ्यापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा, तळ्यापासून तासाभराच्या अंतरावर एक ओढा लागला. बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत वर करून आम्ही तो ओलांडला. पाणी असं गार की तळपाय आपले राहिले नाहीत. पलीकडे बसून पाय पुसताना मी म्हटलं, "रंजना, तुझ्या वडिलांबद्दल जरा..."

"अण्णांचं आज नको साहेब," ती पटकन म्हणाली. "इतका चांगला दिवस आहे. कशाला?"

एवढं बोलून तिनं बुटाची नाडी इतकी आवळली की पुन्हा सोडून बांधावी लागली. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं मला. पण ते बरं वाटणं दहा पावलंसुद्धा टिकलं नाही.

तिसरी वेळ चहाची. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसून तिनं थर्मास उघडला, डब्यातून थालीपिठं काढली आणि दप्तरातून एक घडी घातलेला कागद. त्यावर युरोपातल्या सगळ्या देशांची नावं आणि प्रत्येकासमोर त्या देशातलं सर्वांत उंच ठिकाण. काहींसमोर टिकमार्क केलेले.

"सतरा झाली," ती म्हणाली. "आज अठरावं."

"बापरे! म्हणजे आल्प्स वगैरे?"

"कुठलं आलंय! मी काय गिर्यारोहक आहे? मी आपली सोपी सोपी उरकून घेतलीत. नेदरलँड्सचं बघा, तीनशे बावीस मीटर. तिथे चक्क हॉटेल आहे, पोरांना आईस्क्रीम मिळतं. लक्झेंबर्गचं एका शेतात आहे. डेन्मार्कचं तर एका गोठ्याच्या मागे. तिथे जात्याची तळी ठेवलीय खूण म्हणून. मी उभी राहिले तर गायीच माझ्याकडे बघत होत्या."

मी हसलो. मला हसवायचं म्हणूनच ती सांगत होती.

"आणि बेल्जियमची गंमत ऐका. त्यांचं उंच ठिकाण भरलं सहाशे चौऱ्याण्णव मीटर. सहा मीटरनं सातशे हुकले. मग त्यांनी काय करावं? सहा मीटरचा जिना बांधला तिथे! चढा आणि म्हणा सातशे."

"लबाड आहेत."

"पण मी जिन्यावर चढून टिकमार्क नाही केला. खाली जमिनीवर उभी राहिले तेव्हा केला. नियम म्हणजे नियम. नैसर्गिक उंचीच धरायची, माणसानं रचलेली नाही."

"हे सगळं कशासाठी पण?"

"असंच. नाद आहे एकेकाला," म्हणून तिनं कागद घडी घालून ठेवला आणि उठली. बसून राहणं तिला जमतच नव्हतं. चहा संपायच्या आत ती उभी, उभी राहिली की दहा पावलं पुढे, पुढे गेली की मागे वळून माझी वाट बघणार आणि पुन्हा पुढे. तिचं चालणं बघून मला तिचा बाप आठवत होता. तोही असाच, साखळीचं पुढचं टोक हातात घेऊन माझ्या सदा पुढे.

गेणू बाळा खोपडे त्यांचं नाव. आमच्या मोजणीच्या कामावर साखळी धरायला रोजंदारीवर होते. साखळी म्हणजे तेहतीस फुटांची लोखंडी कड्यांची माळ. तिची दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची, खूण करायची, पुन्हा पुढे. सत्याऐंशी साली आम्हाला वाघजाईच्या टेकडीची हद्द शोधायला पाठवलं. टेकडीच्या अलीकडे एक वाडी, पलीकडे दुसरी, आणि वर वाघजाईचं ठाणं. जुन्या नकाशाप्रमाणे पायथ्याच्या दगडापासून चोवीस साखळ्यांवर हद्दीचा दगड होता, तो हरवला होता. तो परत रोवायचा. काम सरळ होतं.

पण त्या दिवशी क्रिकेटची मोठी मॅच होती. माझ्या खिशात ट्रान्झिस्टर, कानात वायर. आता चढावर मोजायचं असेल तर साखळी जमिनीसारखी तिरकी टाकून चालत नाही. आडवी, पाण्याच्या पातळीत धरावी लागते. दहा-दहा फुटांचे तुकडे करत, ओळंबा सोडत, हळूहळू वर जावं लागतं. नाहीतर मोजलेलं अंतर फसवं येतं आणि माणूस खरी जागा यायच्या आधीच थांबतो. हे मोजणीच्या पहिल्या धड्यात शिकवतात. त्याला वेळ लागतो एवढंच.

गेणूनं साखळी कमरेच्या उंचीवर आडवी धरली होती. मी म्हटलं, "टाक जमिनीवर. चल पटापट."

"सायेब, चढाला आडवी धराया लागती."

"मला शिकवतोस? टाक म्हणतो ना."

त्यानं टाकली. चोवीस साखळ्या अर्ध्या तासात संपल्या. जिथे संपल्या तिथे मी दगड रोवून घेतला आणि झाडाखाली बसून मॅचचा शेवट ऐकला. आपण हरलो.

मोजणी सव्वीस फूट कमी पडली होती. दगड टोकाच्या अलीकडेच, उतारावर बसला. म्हणजे कागदोपत्री वाघजाई पलीकडच्या वाडीची झाली. चैत्रात पहिला नैवेद्य कुणाचा यावरून काठ्या चालल्या, खुबा मोडून एकानं कायमचं अंथरूण धरलं. मग वरचे अधिकारी आले, फेरमोजणी झाली, दगड योग्य जागी गेला आणि चौकशी लागली. चढावर साखळी जमिनीवर कुणी टाकली?

मी म्हणालो, मी खाली नकाशाच्या टेबलापाशी होतो. वर काय केलं ते गेणूनं केलं.

गेणू एकदाच बोलला, "सायबांनी सांगितलं म्हनून." अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. विषय संपला. मला लेखी ताकीद मिळाली, त्याला कामावरून काढलं. पुढच्याच महिन्यात तो कायम होणार होता. आणि खरी गोष्ट तर अशी, की गेणू त्याच वाडीचा होता जिची टेकडी गेली होती.

मला झोप लागेना. काय करावं सुचेना, तेव्हा माणूस भलतंच काहीतरी चांगलं करतो. मी ओळखीच्या गृहस्थांना चिठ्ठी देऊन त्याच्या मुलीला तालुक्याच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. गेणू पायलीभर नाचणी घेऊन माझ्या दारात आला, उंबऱ्याबाहेर ठेवून गेला. आत बोलावलं तर आला नाही. ती मुलगी म्हणजे रंजना. माझी चिठ्ठी तिच्या आयुष्याला लागू पडली, ती शिकत शिकत थेट इथवर आली, आणि गणपतीला दरवर्षी मला नमस्कार करायला फोन करायची. त्या फोनच्या आदल्या दिवसापासून मला अन्न गोड लागायचं नाही.

"साहेब! आलं! आलं बघा!"

मी वर पाहिलं. दगडांचा एक ढिगारा रचलेला, त्याला पिवळा रंग दिलेला. रंजना त्याच्याजवळ उभी राहून हातातल्या यंत्रात उंची बघत होती. मी शेवटचे दगड हातापायांनी चढून तिथे पोहोचलो. वारा एवढा की डोळ्यांना धार लागली.

"एक हजार तीनशे चोवीस," ती म्हणाली. "अभिनंदन. तुम्ही फिनलंडच्या सगळ्यात उंच जागेवर उभे आहात."

मी आजूबाजूला बघितलं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं. दगडांचा चढ संपलाच नव्हता. आमच्या समोर, हाकेच्या अंतरावर, डोंगर अजून वर चढत गेला होता.

"अगं, टोक तर ते आहे."

"ते नॉर्वेत. सात मीटर उंच आहे इथून. फिनलंडला टोक नाहीच साहेब. हद्द डोंगराच्या उतारावरून गेलीय. त्यांचं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे हा उतार."

मला वाघजाईच्या उतारावर मी रोवलेला दगड आठवला.

"म्हणून तर तुम्हाला आणलं," ती उत्साहानं सांगत होती. "फिनलंडला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतायत. तर नॉर्वेच्याच एका निवृत्त मोजणी अधिकाऱ्यानं सुचवलंय, की हद्द थोडीशी सरकवा आणि हे टोक शेजाऱ्याला भेट देऊन टाका. बघा तरी, तुमच्याच खात्यातला माणूस! पेपरात वाचलं आणि म्हटलं, हे आठल्ये साहेबांना दाखवायलाच हवं."

त्या सूचनेचं पुढे काही झालं नाही. त्यांच्या घटनेत बसत नाही म्हणून सरकारनं त्याच वर्षी नकार दिला. पण तेव्हा मी तिथे त्या पिवळ्या ढिगाऱ्याला धरून उभा होतो.

"बसा," ती म्हणाली, आणि स्वतःही बसली. पहिल्यांदाच, मला वाटतं, त्या दिवशी ती टेकून बसली. मग म्हणाली, "मघाशी तुम्ही विचारलंत ना, हे कशासाठी? शाळेत मला पोरं काय म्हणायची ठाऊक आहे? वाघजाई विकणाऱ्याची पोर. अण्णांनी पैसे खाऊन टेकडी त्या वाडीला दिली, असं सगळी वाडी म्हणायची. कोण खरं, कोण खोटं, मला काय कळणार? मी दहा वर्षांची. मला एवढंच कळायचं, की टोक कुठे असतं तेसुद्धा माझ्या बापाला नीट मोजता आलं नाही. मग मी ठरवलं, आपण जायचं आणि स्वतः मोजायचं. एकेक टोक, स्वतःच्या यंत्रानं." ती हसली. "वेडेपणा आहे. पण साहेब, तुमची चिठ्ठी नसती ना, तर अण्णांनी आमचं पार वाटोळंच केलं होतं."

यावर गप्प राहिलो असतो तर मी माणूसच नव्हतो.

"रंजना, साखळी जमिनीवर मी टाकायला लावली."

"काय?"

"गेणूनं आडवीच धरली होती. तो मला म्हणाला, चढाला आडवी धरावी लागते. मीच दम दिला. मला मॅच ऐकायची होती. चौकशीत मी खोटं बोललो. मी खाली नव्हतो, त्याच्यापासून दहा फुटांवर होतो. त्यानं एक पैसा खाल्ला नाही की एक चूक केली नाही."

बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. एवढ्याशा बोलण्यासाठी मी अर्धं आयुष्य चालढकल केली होती.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

"अण्णांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटच्या आजारपणात. मी इथून दहा दिवसांची रजा काढून गेले होते. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. म्हणाले, 'रंजे, साखळी म्या न्हाई टाकली. सायबांनी टाकाया लावली.'" तिनं हातमोजा काढला, परत घातला. "आणि मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, 'अण्णा, आता मरतानासुद्धा साहेबांवर ढकलता? ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यावर?'"

तिनं हातमोजा पुन्हा काढला.

"चार दिवस होते त्यानंतर. परत काही बोलले नाहीत. पाणी मागायचे तेसुद्धा आईकडे."

ती उठली आणि नॉर्वेच्या टोकाकडे चालायला लागली. मी हाक मारली. तिनं मागे पाहिलं नाही. दगडांवरून ती भराभर वर गेली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

मी तिथे किती वेळ बसलो सांगता येत नाही. घड्याळ होतं, पण बघायचा धीर झाला नाही. परतीची वाट मला माहीत नव्हती. पण खरं सांगतो, भीती वाटेची नव्हती. ती परत येईल आणि माझ्याकडे बघेल, त्याची होती. उठायचो, चार पावलं जायचो, परत येऊन बसायचो. मालतीला फोन करावा असं दोनदा वाटलं. करून काय सांगणार होतो? सांगितलं म्हणून? सांगून झालं खरं, पण मला वाटलं होतं सांगितलं की ओझं उतरेल. तसं काही होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, आणि आपल्याही डोक्यावरून हलत नाही.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. वाऱ्यानंही होतात. ती सरळ ढिगाऱ्याजवळ गेली, तिथला एक पत्र्याचा डबा उघडला आणि आतून एक जाडजूड वही काढली. येणारे लोक त्यात नाव-गाव लिहून जातात. ती वही तिनं माझ्या मांडीवर ठेवली, वर पेन.

"लिहा."

"काय?"

"जबाब. चौकशीत द्यायचा राहिला होता तो."

मी पेन घेतलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं, मजकूर आपोआप उतरला. 'मी, वसंत केशव आठल्ये, वय ६१ वर्षे, सेवानिवृत्त भूकरमापक, समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, वाघजाईच्या टेकडीच्या मोजणीच्या वेळी चढावर नजरचुकीने साखळीचे माप सदोष झाले...'

ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. "नजरचुकीने?"

मी थांबलो.

"तुमची नजर चुकली होती? मघाशी मला वेगळं सांगितलंत. ते खोडा. साखळी टाकायचा हुकूम कुणी दिला ते लिहा. अण्णा काय म्हणाले ते लिहा. तुम्ही कानात काय घातलं होतं तेसुद्धा लिहा."

मी ओळ खोडली आणि पुन्हा लिहिलं. तिनं चार वेळा खोडायला लावलं. प्रत्येक वेळी मी कुठला तरी गुळगुळीत शब्द घालायचो आणि ती बोट ठेवायची. शेवटी जे उरलं ते असं होतं: 'गेणू बाळा खोपडे यांनी साखळी बरोबर धरली होती. मी त्यांना दम देऊन ती जमिनीवर टाकायला लावली, कारण मला क्रिकेटची मॅच ऐकायची घाई होती. चौकशीत मी खोटे बोललो. गेणू खोपडे यांनी लाच घेतली नाही. ते निर्दोष होते.' खाली सही, तारीख, ठिकाण हाल्ती.

"पंच?" ती म्हणाली.

जबाबाला दोन पंच लागतात. पहिली सही तिनं केली, 'रंजना गेणू खोपडे'. दुसरा पंच कुठून आणायचा? तेवढ्यात फिनलंडच्या बाजूनं एक जोडपं वर आलं, बरोबर काळा कुत्रा. तीन दिवस चालत आले होते बिचारे. रंजना त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलली. तो उंच माणूस माझ्याकडे बघून तोंडभर हसला, मोठ्या आनंदानं वहीत सही केली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला. या वयात इथवर आलात, खूप खूप अभिनंदन, असं म्हणाला. त्याच्या बायकोनं मला चॉकलेट दिलं. मी ते हातात धरून उभा राहिलो. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रंजनानं फोननं त्या पानाचे फोटो काढले. वही डब्यात ठेवून झाकण लावलं.

उतरताना ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. वाईट जागा आली की थांबायची, माझा दंड धरायची, सुखरूप पलीकडे न्यायची आणि सोडून द्यायची. गाडीत बसल्यावर, चावी फिरवायच्या आधी म्हणाली, "त्या वहीतलं मराठी इथे कुणी वाचणार नाही. माझी आई अजून आहे, वाडीतच. तिला लिहिता-वाचता येत नाही. तुम्ही जाऊन तिला वाचून दाखवायचं. मी फोनवर सांगणार नाही. तुमच्याच तोंडून तिनं ऐकायला हवं." त्यात साहेब हा शब्द नव्हता.

डिसेंबरात मी गेलो. मालती बरोबर आली. मी नको म्हटलं नाही.

हिराबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, कंबर वाकलेली. मला त्यांनी ओळखलं. उठायला लागल्या, मी बसवलं. पाणी घेतलं नाही, आधी त्या पानाच्या फोटोवरून उतरवलेला कागद काढला आणि उभ्यानंच वाचला. वाचताना वर बघितलं नाही.

"पुन्यांदा वाचा," हिराबाई म्हणाल्या.

मी परत वाचला.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावरून नीट केला आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "ए पारू, भाईर ये. सायेब काय वाचत्यात ते ऐक."

पारू आली, तिची सून आली. मी वाचला. मग समोरच्या घरातला म्हातारा आला, त्याला ऐकू कमी येत होतं, म्हणून मोठ्यानं वाचला. मग देवळापाशी बसलेली माणसं आली. एकानं मध्येच विचारलं, "म्हंजी गेणूनं टेकडी विकली न्हवती?" मी म्हटलं, "नाही." हिराबाई म्हणाल्या, "कागदातलं वाचा, कागदातलं." मी कागदातलं वाचलं. मालती भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हती. ऊन कलायला लागलं तोवर माझा घसा बसला होता.

अखेर अंगण रिकामं झालं. मी कागदाची घडी घातली आणि तो त्यांच्यासमोर धरला. हिराबाईंनी तो घेतला नाही. कोपऱ्यातली काठी घेतली, चपला पायांत सरकवल्या.

"वरच्या आळीला ऱ्हायलंय अजून," त्या म्हणाल्या. "चला."

आणि त्या चढाला लागल्या. मी कागद उघडून त्यांच्या मागोमाग गेलो.